सिनेमा तिथला, पांदण आपली

चौदा-पंधरा वर्षांच्या वयात पाहिलेला एखादा सिनेमा अंगाला चिकटतो तो कायमचा. पुढे शंभर चांगले सिनेमे पाहिले तरी तो जागचा हलत नाही. आपल्या विदर्भातल्या गावांतून मोबाइलवर लघुपट करायला निघालेली पोरं-पोरी बहुतेक अशाच एका सिनेमाच्या जोरावर निघतात आणि त्यांचा पहिला लघुपट त्या सिनेमाची नक्कल होतो. मला यात काही गैर वाटत नाही. उलट नक्कल करायचीच तर नीट करा, मोजूनमापून करा. नक्कल करता करता एका जागी गाडं अडतं. त्या अडलेल्या जागी तुमचं गाव, तुमची बोली, तुमच्या घरची वस्तू आडवी आलेली असते. ती जागा ओळखायची कशी आणि तिच्यातून तीन मिनिटांचा लघुपट काढायचा कसा, ते इथे लिहितो.

आवडता सिनेमा पुन्हा लावण्याआधी एक काम करा. वही घ्या आणि मनात राहिलेला एकच प्रसंग आठवेल तसा लिहून काढा. एक पान, फार तर दीड. कोण कुठे उभं होतं, ऊन होतं की सावली, मागे काय दिसत होतं, कोण काय बोललं, आवाज कसला होता. खात्री नसली तरी डोळ्यांपुढे येईल ते लिहा. त्यानंतर तोच प्रसंग लावून पाहा आणि फरक लाल पेनाने समासात मांडा. हमखास असं होतं की, तुम्हाला आठवणारा पाऊस सिनेमात पडतच नाही, किंवा दारात उभी असलेली आई त्या प्रसंगात नसतेच, किंवा पाठ असलेलं वाक्य कोणी बोललेलंच नसतं. ही भर दिग्दर्शकाने घातलेली नाही, ती तुम्ही घातली आहे. इतक्या वर्षांत तुमच्या डोक्याने तो प्रसंग आपल्या सोयीने पुन्हा रचला. ते पान फाडू नका, पुढे कामी येणार आहे. बहुतेक जण उलट क्रमाने जातात. आधी सिनेमा पुन्हा पाहतात, मग लिहायला बसतात. तसं केलं की आठवणीवर ताज्या चित्राचं सारवण बसतं आणि खालचं काही दिसत नाही.

उदाहरण म्हणून मी ‘फँड्री’ घेतो. नागराज मंजुळे यांचा हा पहिला मोठा सिनेमा २०१३ चा, थिएटरात लागला १४ फेब्रुवारी २०१४ ला. सोमनाथ अवघडेने केलेला जब्या शाळेत जाणारा पोरगा आहे, आणि गावातली डुकरं धरण्याचं काम त्याच्या घराच्या वाट्याला आलेलं आहे. फँड्री हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. तुमचा सिनेमा दुसरा असेल तर तो घ्या, पद्धत तीच. मी हा निवडला कारण आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी तो त्याच वयात पाहिला, आणि त्यातला एक प्रसंग शिकण्यासाठी फार उपयोगी आहे.

प्रसंग राष्ट्रगीताचा. जब्या, त्याचा बाप कचरू आणि घरातले सगळे डुकरामागे धावतायत. तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. माणसं जिथल्या तिथे उभी राहतात. डुकराला उभं राहायचं बंधन नाही. राष्ट्रगीताची पूर्ण धून अधिकृतपणे ५२ सेकंदांची. या तेवढ्या वेळात कोणाला काही बोलावं लागत नाही, कॅमेऱ्याला कसरत करावी लागत नाही, आणि तरी बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

असा प्रसंग तीन वेळा पाहायचा, प्रत्येक वेळी वेगळ्या कामासाठी. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून. चेहरे, अंतरं, कोण हललं आणि कोण थांबलं एवढंच बघायचं. दुसऱ्यांदा पडदा झाकून, फक्त कानाने. मोबाइल पालथा घालून त्यावर टॉवेल टाका आणि ऐकू येणारा प्रत्येक आवाज क्रमाने लिहा: पाय, श्वास, लांबचा लाउडस्पीकर, कुत्रं, शांतता. शांतताही लिहायची, तिचे सेकंद मोजून. तिसऱ्यांदा वही आणि स्टॉपवॉच घेऊन. वहीत पाच रकाने आखा: शॉटचा क्रमांक, किती सेकंद, चौकटीत कोण, कॅमेरा कुठे आणि किती उंचीवर, आवाज कुठून. चित्र तुटलं की नवा क्रमांक. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग असेल तर हे काम मन लावून केल्यास दोन-अडीच तास जातात. अर्ध्या तासात उरकलं तर समजा काहीतरी सुटलं.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे गाणं किंवा शेवटचा मोठा प्रसंग निवडणं. शेवटच्या प्रसंगाची ताकद आधीच्या दीड तासातून आलेली असते, त्याचे शॉट मोजून ती हाती लागत नाही. मधला, साधा, कमी बोलण्याचा प्रसंग निवडा. दुसरी चूक म्हणजे मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यावरून मोजणी करणं. असे तुकडे कोणीतरी पुन्हा कापलेले असतात, वरून संगीत चढवलेलं असतं, बाजू छाटून उभे केलेले असतात. सेकंदही खोटे आणि चौकटही खोटी. पूर्ण सिनेमा रीतसर जिथे उपलब्ध असेल तिथूनच पाहा.

आता नक्कल. रकान्यात लिहिलेले शॉट त्याच क्रमाने, तेवढ्याच सेकंदांचे, आपल्या गावात घ्यायचे. हा सराव आहे, कुठे टाकायचा नाही. सोबतीला मित्र, चुलत भाऊ, कोणीही चालेल. वहीत सहावा रकाना वाढवा आणि त्याला नाव द्या: ‘अडलं’. तिथे चढाव होता, आपल्याकडे सपाट काळं रान, अडलं. तिथे दगडी भिंत होती, आपल्याकडे कुडाची किंवा टिनाची, अडलं. तिथे पोरगा बाभळीच्या आड लपला, आपल्याकडे ऑक्टोबरात छातीला लागणारी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं उभं पीक, तिच्यात लपायला वाकावंच लागत नाही, नुसतं बसलं की माणूस दिसेनासा होतो. अडलं. कोकणच्या पावसातला सिनेमा आवडणाऱ्यांचं तर पहिल्याच शॉटला अडतं. तो लाल चिखल, ती हिरवी ओल बुलढाण्यात कुठून आणणार? आपला पाऊस काळ्या मातीवर पडतो. ती माती चपलेला धरते, पाय किलोभर जड होतो, आणि चालणाऱ्या माणसाची चालच बदलते. ही चाल तुमच्या चित्रात आली की ते चित्र दुसऱ्या कोणाचं राहत नाही.

‘अडलं’चा रकाना भरल्यावर त्यातल्या नोंदी तीन रंगांनी वेगळ्या करा. जागेमुळे अडलं ते एका रंगाने. वस्तूमुळे अडलं ते दुसऱ्या. तोंडामुळे, म्हणजे बोलण्यामुळे अडलं ते तिसऱ्या. जागेचं आणि वस्तूचं लवकर सुटतं. कापसाचं गाठोडं, सपरीतली (पडवीतली) बाज, धुऱ्यावरचा (बांधावरचा) पळस, मोहफुलं वाळत घातलेलं अंगण, पानठेल्यावरची बाकडी, यांतलं जे तुमच्या घरापासून शंभर पावलांत असेल ते घ्या. शंभर पावलांचं बंधन मुद्दाम घालतो. ते नसलं की सगळे जण जवळच्या किल्ल्यावर किंवा धरणावर जातात आणि सगळ्यांचे लघुपट सारखे दिसतात.

तोंडाचा रकाना मात्र सगळ्यात श्रीमंत आहे, आणि तिथेच जास्तीत जास्त वेळ द्यावा असं माझं ठाम मत आहे.

‘फँड्री’त एक गोष्ट लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. जब्याच्या घरात कैकाडी बोलली जाते आणि घराबाहेर मराठी. उंबरा ओलांडला की भाषा बदलते, आणि भाषेबरोबर पाठीचा कणाही थोडा वाकतो किंवा ताठतो. आपल्याकडेही घरोघरी हेच आहे. शाळेत प्रमाण मराठी, घरी वऱ्हाडी. वैनगंगेच्या बाजूला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे झाडीबोली. मेळघाटात कोरकू, यवतमाळच्या काही गावांत कोलामी, गडचिरोलीत गोंडी, बंजारा तांड्यांवर गोरमाटी. नागपूरच्या जवळ गेलात की हिंदी मिसळते. इतक्या भाषा ऐकत वाढलेलं पोरगं लघुपट लिहायला बसतं आणि सगळ्या पात्रांच्या तोंडी पाठ्यपुस्तक घालतं. नाहीतर वऱ्हाडी आणतं ती फक्त हसवण्यासाठी. आपली बोली म्हणजे विनोदाची बोली, हा समज पडद्याने इतकी वर्षं पसरवला की आपल्याच पोरांनाही तो खरा वाटायला लागला. वऱ्हाडीत माणूस रडतो, कर्ज मागतो, मेलेल्या बापाशी मनात बोलतो. हे पडद्यावर फार थोडं आलं आहे, आणि तिथे मोकळं रान पडलं आहे.

काम असं करा. घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाला विचारून, त्याची परवानगी घेऊन, वीस मिनिटांचं साधं बोलणं रेकॉर्ड करा. विषय मोठा नको. विहीर कशी खोदली, पहिली सायकल कशी आली, यंदा सरकीचं बियाणं कुठून आणलं. त्यातली दहा मिनिटं अक्षर न् अक्षर लिहून काढा. तास-दीड तास लागतो, कंटाळा येतो, पण याला दुसरा रस्ता नाही. ऐकू आलं तसंच लिहायचं. ‘मला’ नव्हे, ‘मले’. ‘तुझी’ नव्हे, ‘तुयी’. ‘डोळा’ नव्हे, ‘डोया’. ‘जात आहे’ नव्हे, ‘जाऊन रायलो’. अडखळणं, अर्धं सोडलेलं वाक्य, मध्येच कोंबड्याला हाकललं तेही लिहा.

लिहिताना तुमच्या ध्यानात येईल की बोली फक्त शब्दांत नसते. प्रमाण वाक्यात ‘ला’च्या जागी ‘ले’ टाकलं म्हणजे वऱ्हाडी होत नाही. ही पहिली चूक, आणि कानाला ती लगेच टोचते. वाक्याची ठेवण वेगळी असते, मुद्द्याची गोष्ट शेवटी किंवा तिरपी येते. समजा, दोन भावांमधला प्रसंग आहे. धाकटा रात्रभर घरी आला नाही. पाठ्यपुस्तकी वाक्य होईल: ‘तू काल घरी का आला नाहीस?’ बोलीत घातलं तर: ‘काऊन आला नाई बे काल?’ दोन्ही ठीक, पण दोन्हीत नुसता प्रश्न आहे. घरातली माय असला प्रश्न विचारतच नाही. ती चुलीकडे बघत म्हणेल: ‘तुयी भाकर झाकून ठेवली होती.’ या वाक्यात रात्र आहे, वाट पाहणं आहे, राग आहे. असं वाक्य कुठल्या सिनेमातून उचलता येत नाही, कारण ते कोणत्या तरी एका चुलीजवळचं असतं. तुमच्या नोंदींत अशी दोन वाक्यं सापडली तर लघुपटाला तेवढी पुरतात.

दुसरी चूक सगळ्यांना एकसारखं बोलायला लावण्याची. सत्तर वर्षांची आजी आणि नागपूरला कोचिंग लावलेला नातू एकाच बोलीत बोलत नाहीत. नातू ‘टेन्शन नको घेऊ ना यार’ म्हणतो आणि आजीला ‘टेन्शन’ हा शब्द ‘टेंशल’ असा ऐकू येतो. ही दरी लिहिली की दोघांचं वय सांगावं लागत नाही. तिसरी चूक शिव्यांची. दर वाक्याला शिवी घातली की मित्र हसतात आणि वाटतं जमलं. पण तीन मिनिटांत एकच शिवी, तीही योग्य माणसाच्या तोंडी, जास्त जोरात लागते.

अभिनय कोणाकडून करून घ्यायचा, याची आपल्याकडे पूर्व विदर्भात तरी चिंता नसावी. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं मोठं केंद्र. दिवाळीनंतर होळीच्या आसपासपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांतही काम करणारी माणसं गावात असतात. ही माणसं पाठांतराला पक्की आणि वेळेची पक्की. मात्र त्यांचा आवाज मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असलेला असतो. तोच आवाज हातभर अंतरावरच्या मोबाइलमध्ये फाटतो आणि हातवारे चौकटीबाहेर जातात. त्यांना ‘कमी करा’ म्हणू नका. त्यांच्या कलेवर तो घाव होतो आणि वर काहीच सुधारत नाही. त्यांना हाताला काम द्या. तूर निवडायला द्या, सायकलची चेन बसवायला द्या, आणि सांगा की समोरचा माणूस सुपाच्या पलीकडेच बसला आहे, त्याच्यापुरतं बोला. आवाज आपोआप खाली येतो.

आता तुमचा स्वतःचा लघुपट. माप आधीच ठरवा: तीन मिनिटं, दोन माणसं, एक जागा, एक वस्तू, बारा ते पंधरा शॉट. कथा शोधत बसू नका. त्या पहिल्या पानावरची लाल नोंद घ्या, म्हणजे सिनेमात नसलेली पण तुम्हाला आठवलेली गोष्ट. ‘अडलं’ रकान्यातली एक वस्तू घ्या, वहीतलं एक बोलीचं वाक्य घ्या. या तिन्ही गोष्टी एका जागी आल्या की कोण कोणाकडून काय मागतं आहे, हे बहुधा दिसायला लागतं. दिसलं नाही तर वस्तू बदला, वाक्य बदलू नका.

याच्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं आणि ते टाळून चालत नाही. ‘फँड्री’च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. म्हणजे आपल्या दिशेने. त्या सिनेमाने भारावलेला प्रत्येक जण स्वतःला जब्याच्या जागी ठेवतो. पण गावात तुमचं घर कुठे आहे? वेशीच्या आत की बाहेर? डुक्कर धरताना भोवती जमून हसणारी पोरंही त्या सिनेमात आहेत. तुमचं घर त्या पोरांच्या बाजूचं असेल तर जब्याचं दुःख उसनं घेऊ नका. त्या बघ्यांमधल्या एका पोराचं लिहा: तो हसला तेव्हा त्याला काय दिसत होतं, घरी गेल्यावर त्याने आईला काय सांगितलं, काय सांगितलं नाही. ते लिहिणं जास्त अवघड आणि जास्त खरं होईल. आणि घर वेशीबाहेरचं असेल तर कोणाला समजावं म्हणून आपली गोष्ट मऊ करू नका. नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले. ‘फँड्री’च्या आधी त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, तोही शाळेला मुकलेल्या पोराचा, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जवळचं माणूस, छोटी लांबी, ओळखीची जागा. सुरुवात तिथून झाली.

चित्रीकरणाचं तंत्र थोडक्यात सांगतो, कारण बिघडतं ते तीन-चार ठिकाणीच.

उजेड: सकाळी साडेआठच्या आत आणि दुपारी साडेचारनंतर. उन्हाळ्यात भर दुपारी वरून पडणाऱ्या उन्हाने डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात आणि चेहरा कवटीसारखा दिसतो. शिवाय मे महिन्यात ४५ अंशांत मोबाइल तापतो, पडदा मंद करतो आणि रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं. दुपारी घ्यायचंच असेल तर सपरीत, दाराच्या आत दोन हात, माणसाचं तोंड बाहेरच्या उजेडाकडे. जमिनीवर पांढरं धोतर किंवा चादर अंथरली की खालून उजेड परततो आणि चेहरा भरतो. आपल्याकडचा मोठा घोटाळा पांढऱ्या रंगाचा आहे. पांढरा सदरा, पांढरी टोपी, फुटलेला कापूस चौकटीत आला की मोबाइल घाबरून सगळं काळोखं करतो आणि सावळा चेहरा कोळसा होतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो. मग सूर्याच्या खुणेची पट्टी जरा खाली ओढून कापसाचे तंतू दिसतात का ते पाहा. चेहरा आणि कापूस दोन्ही साधत नसेल तर चेहरा वाचवा.

घरातल्या एलईडी दिव्याखाली चित्रात काळे पट्टे फिरतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० वर बांधलं की पट्टे जातात. मूळ कॅमेऱ्यात ही सोय नसली तर ‘ओपन कॅमेरा’ हे मोफत अ‍ॅप आहे, अनेक फोनमध्ये त्यात हाताने शटर ठरवता येतं. फुल एचडी पुरे, फोर-के कशाला? मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा लागते. तीन मिनिटांच्या लघुपटासाठी तीस-चाळीस मिनिटांचं चित्रीकरण धरा, म्हणजे पाच-सहा जीबी मोकळी ठेवा. विमान मोड लावायला विसरू नका, नाहीतर चांगल्यातला चांगला शॉट कोणाच्या तरी फोनने तुटतो.

आवाज हे लघुपटाचं खरं मरण. चित्र थोडं खराब असलं तरी लोक पाहतात, बोलणं ऐकू आलं नाही तर दहाव्या सेकंदाला उठतात. दुसरा मोबाइल घ्या, त्यात रेकॉर्डर लावा, आणि बोलणाऱ्याच्या तोंडापासून दीड-दोन वितींवर, चौकटीच्या जरा खाली धरा किंवा खिशात उलटा ठेवा, माइकचं टोक वर. वारा अडवायला सरकी काढलेल्या कापसाचा पातळ थर माइकवर ठेवून वरून सुती कापडाची एकच घडी बांधा. थर जाड झाला की ‘स’ आणि ‘श’ बुजतात, म्हणून आधी ‘सासू सकाळी शेतात’ असं काहीतरी बोलून ऐका. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला चौकटीत एक टाळी वाजवा. जुळवणी करताना टाळीचा ठिपका आणि हात मिळण्याची फ्रेम एकत्र आणायची. शॉट मिनिटाच्या आत ठेवा. मोबाइलच्या चित्राचा वेग किंचित मागे-पुढे होतो आणि लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज फाकतात. शेवटी त्या जागेचा नुसता आवाज, कोणी न बोलता, एक मिनिट घ्या. तुरीच्या शेंगांचा खुळखुळाट, लांबची पिठाची चक्की, मोटारपंपाची धडधड. हा एक मिनिट शॉटच्या जोडांखाली पसरला की तुकडे शिवल्यासारखे वाटत नाहीत. गावात सप्ताह असेल तर त्या आठवड्यात चित्रीकरण नकोच, भोंग्याचा आवाज नंतर काढता येत नाही.

चित्रं एकमेकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, दाबून बारीक होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ दर्जा राहतो.

जोडणीला बसलात की पहिला कच्चा सांधा संगीताशिवाय करा. मोह होतो आवडत्या सिनेमाचं संगीत खाली टाकायचा. टाकलं की त्याच्या हक्काचा प्रश्न येतो, हे एक. त्याहून वाईट म्हणजे तुमचा शॉट कच्चा असला तरी ते संगीत तुम्हाला तो कळू देत नाही, कारण रडू तुम्हाला त्या जुन्या सिनेमाचं येत असतं. संगीताविना प्रसंग उभा राहत नसेल तर बहुतेकदा दोन कारणं असतात: शॉट उशिरा सुरू होतोय किंवा लवकर संपतोय. प्रत्येक शॉटच्या शेवटी, बोलणं संपल्यावर, दोन सेकंद जास्त ठेवून पाहा. माणूस वाक्य संपल्यावर काय करतो, तिथे बरंच काही असतं. पहिला सांधा बहुधा पाच-सहा मिनिटांचा होतो. तो तीनवर आणताना पहिला आणि शेवटचा संवाद काढून पाहा. दहापैकी सात वेळा ते दोन्ही नकोच होते असं दिसतं.

मग तो मूळ रकान्यांचा तक्ता पुन्हा उघडा आणि तुमचा लघुपट शेजारी ठेवून पाहा. मूळ सिनेमाशी सगळ्यात जास्त जुळणारा शॉट कोणता? साधारणपणे तोच तुम्हाला सगळ्यात आवडलेला असतो. तो काढून एकदा पूर्ण लघुपट पाहा. त्याच्याशिवाय गोष्ट चालत असेल तर तो गेला. चालत नसेल तर ठेवा, पण त्या जागी कापूस, चूल, बाज, जे तुमच्या शंभर पावलांत होतं, त्यातलं काही बसतं का ते आधी बघा.

दाखवायचा कोणाला? मित्रांना सगळ्यात शेवटी. आधी ज्यांचं बोलणं लिहून घेतलं होतं त्या माणसाला, मग सिनेमाची आवड नसलेल्या एका बाईमाणसाला, मग बाहेरगावच्या एकाला. ‘कसं वाटलं’ विचारू नका, सगळे ‘मस्त’ म्हणतात. ‘यात काय झालं ते सांगा’ असं विचारा आणि गप्प बसा. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर कुठलातरी शॉट चुकीच्या जागी आहे. तिघं एकाच जागी थांबले, अडखळले किंवा गप्प झाले तर ती जागा लिहून ठेवा, पुढचा लघुपट तिथून सुरू होतो. लहान पोर कॅमेऱ्यासमोर असेल तर त्याच्या मायबापाला पूर्ण लघुपट दाखवल्याशिवाय कुठेही चढवू नका. गावात चेहरा ओळखला जातो आणि खेळातली टोपणनावं जन्मभर चिकटतात.

वर्षात एक मोठा करण्यापेक्षा तीन-तीन मिनिटांचे तीन करा. वेळेचं गणित आपल्या शेतीवर बांधावं लागतं. जून-जुलैत पेरणी आणि डवरणी, कोणी मोकळं नसतं. पोळ्याच्या आसपास चार दिवस हाताशी येतात, रानही भरलेलं असतं, पण पावसाचा नेम नाही, म्हणून घरातला किंवा कोठ्यातला (गोठ्यातला) प्रसंग तेव्हा घ्या. दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते. सकाळचा सोनेरी उजेड आणि मजुरीची वेळ एकच, तेव्हा बायांना थांबवू नका, त्या वेचत असताना परवानगी घेऊन लांबून घ्या आणि बोलणं संध्याकाळी, गाठोडी वजनाला लागल्यावर. फेब्रुवारीत रान रिकामं होतं, पऱ्हाटी उपटून ढीग लागतात, हवा स्वच्छ असते, माणसंही जरा निवांत असतात. नवशिक्यांसाठी हाच महिना सगळ्यात सोपा. तोवर वहीतले रकाने भरून ठेवा.